बर्फात आणा, मीठ नको

सातारा, १ डिसेंबर १९९६

चि. प्रियदर्शनीला आईचा जयभीम.

हे पत्र तुझी आई सांगतीय आन मी लिवतोय. मी नुसता हात, तोंड तिचं. तवा मधीच कुटं माझा शब्द दिसला तर तो शाईचा दोष समज.

तुझं कार्ड मिळालं. वर ‘प्रिय आईस’, खाली ‘तुझी प्रियू’. आईला वाचता येत न्हाई हे तुला बालवाडीपास्नं ठाऊक हाय. म्हंजे कार्ड मोठ्यानं वाचून दावनार कोन, हेबी ठाऊक हाय. तरी अख्ख्या कार्डात आबा हा शब्द एकदाबी न्हाई. पत्त्यात तेवढं माझं नाव हाय, पन ते पोस्टमनसाठी.

आई म्हनती, पुण्यात थंडी लय असंल, स्वेटर घालत जा. होस्टेलात भाजी कच्ची असती असं लिवलंयस, तर चटनी पाठवू का? आई म्हनती, १४ ऑक्टोबरला विहारात जे झालं त्याच्यावर तिला काय बोलायचं न्हाई. पन दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या गाडीनं तू न जेवता गेलीस, त्याच्यावर लय बोलायचंय. भाकरी बांधून ठेवली होती, ती चुलीपाशी तशीच ऱ्हायली. मग ती कुनी खाल्ली ते आई सांगत न्हाई. मी खाल्ली. वाईट लागली.

आनि एक. तू काम कसलं करतीस ते आईला नीट समजलं न्हाई. त्या दिवशी तुझं भाषन पुरं झालं न्हाई, म्हनून समजलं न्हाई. कुनामुळं पुरं झालं न्हाई ते हितं लिवायची गरज न्हाई. तर सोप्या भाषेत कळव. आई इचारतीय.

तुझी आई
(हात: केरू)

सातारा, २२ डिसेंबर १९९६

चि. प्रियदर्शनीला आईचा जयभीम.

कार्ड आलं. ह्या बारीला अक्षर एवढं बारीक काढलंयस की कॉलेजातनं भिंग आनून वाचावं लागलं. पेपरात काय लिवलंय ते आईला वाचून दावतो तसं हेबी दावलं. तू लिवलंयस:

‘आई, आपल्या प्रत्येक पेशीच्या आत बारीक दोरांचं जाळं असतं. त्या जाळ्यावरच पेशीचा आकार उभा राहतो. आणि त्या दोरांवरून इवलेसे ओझेवाले चालतात. खरंच चालतात, पाठीवर माल घेऊन. एकेकाचं पाऊल केवढं, तर एका मिलिमीटरचे सव्वा लाख भाग केले तर त्यातला एक. तीन-चार वर्षांपूर्वी अमेरिकेत हे पाऊल मोजलं. तुझ्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जे धागे जातात त्यातला एकेक धागा म्हणजे एकच लांबलचक पेशी आहे. माल तयार होतो वर, कण्यापाशी, आणि लागतो खाली, अंगठ्यात. हे ओझेवाले दोन-तीन दिवस चालून तो पोचवतात. त्यांनी पोचवला नाही तर पाय लुळा पडेल.’

आई ‘मिलिमीटर’पाशी झोपली. मी आपलं पुढं तीनदा वाचलं, उच्चार नीट यावा म्हनून.

सकाळी आईनं प्रश्न काढलं. म्हंजे मीच आठवन करून दिली, पन प्रश्न तिचं. त्यास्नी पाय दोन असत्यात का? समोरनं दुसरा आला तर वाट कोन देतो? परत येताना रिकामं येत्यात का माल घेऊन? आमची सातारा-पलूस गाडीसुदिक परतीला रिकामी येत न्हाई. आनि दोन-तीन दिवस म्हंजे लय झालं, कमरंपास्नं अंगठ्यापर्यंत जायला एसटीलाबी एवढं लागत न्हाईत.

एक गोष्ट मात्र आईला टोचली. ‘ओझेवाले.’ शास्त्रात दुसरा शब्द न्हवता का? आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमास्नी इचारलं, त्या म्हनाल्या इंग्रजीत ह्यास्नी सरळ मोटरच म्हनत्यात. मग मोटर लिव की. गडी लिव. तू ओझेवालेच लिवलंस, कार्ड कोन वाचनार हे माहीत असून. तुझी आई काय एवढी भोळी न्हाई.

तुझी आई
(हात: केरू)

सातारा, १९ जानेवारी १९९७

प्रियू,

आज आई सांगत न्हाई. आई शेजारी गेलीया हळदीकुंकवाला, आपल्यात न्हाई पन तिला तिळगूळ आवडतो. हे मी लिवतोय. केरू, तुझा बाप.

परवा तुझं कार्ड आलं. परतीचा माल आननारं गडी येगळं असत्यात, हे वाचून बरं वाटलं. म्हंजे बंदोबस्त चोख हाय. पुढं तू लिवलंस की ते दोर बर्फात ठेवलं की सुटं सुटं होत्यात आन अंगाएवढ्या उबेत आनलं की आपसूक परत जुळत्यात. ‘तुटलेले नसतात, सुटलेले असतात,’ असं लिवलंस. मी हे मोठ्यानं वाचलं. तुझी आई तांदूळ निवडत होती. म्हनाली, “मग बापलेक तुमी तसलंच की. कवाधरनं बर्फात बसलाय दोघं.”

मी म्हनलं, माझी काय चूक? तवा तिनं सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलं की काय होतं ते तुला माहीत हाय.

आधी माझी बाजू सांगतो. त्या दिवशी विहारात तुझा सत्कार. चाळीस वर्सं झाली दीक्षेला, अख्खा मोहल्ला जमलेला, आन माझी लेक पीएचडीला लागली म्हनून पुढं बसलेली. मी नवा सदरा घातलेला. तू माइक घेतलास आन हसत सुरू केलंस, “रोज सकाळी सहा वाजता मी खाटकाच्या दारात उभी राहते. बोकडाचं ताजं भेजं डब्यात घालून सायकलवरून आणते.” माझ्या कानात काय झालं मला सांगता येत न्हाई. मी उभा ऱ्हायलो आन म्हनलं, “खाली बस.” चार-पाचशे मानसांत. तू बसलीस. घरी आल्यावर जे म्हनलं ते परत लिवतो, कारन न लिवता ते जाईना: “तुझ्या आज्यानं जे टाकलं ते तू उचललंस.”

तुला हे अर्धंच माहीत हाय. छप्पन साली मी पंधरा वर्साचा होतो. आमच्या गावात, पलूसच्या अलीकडं, एका बड्या शेतकऱ्याचा बैल मेला. रीतीपरमानं सांगावा आला, वढून न्या. तुझा आजा ओसरीत बसला होता. म्हनाला, “आता आमी न्हाई येनार.” एवढंच. तीन महिनं आमाला कुनी कामाला बोलावलं न्हाई. पानी दोन मैलावनं मी आनि माझी आई आनत होतो. पन तुझ्या आज्याची मान मी तवा जशी ताठ बघितली तशी परत कवा बघितली न्हाई. ती मान माझ्या डोळ्याम्होरं असती. तू खाटकाच्या दारात म्हनलीस आन मला वाटलं ती मान खाली गेली.

ही माझी बाजू. आता तुझ्या आईची.

ती म्हनाली, “मामंजींनी ढोर वढायचं टाकलं ते ढोर घान म्हनून न्हवं. दुसऱ्यानं हुकूम सोडायचा आन आपुन न्हाई म्हनायचं न्हाई, ते टाकलं. माझ्या पोरीला कुनी हुकूम सोडलाय? ती आपल्या मर्जीनं जाती, आपल्या कामाला जाती. तुमी एकतीस वर्सं कॉलेजात मेलेली उंदरं, बेडकं, साप बरनीत भरताय. तवा मामंजींनी कवा खाली बस म्हनलं?”

मी म्हनलं, ते कॉलेजात, पांढरा कोट घालून. ती म्हनाली, “पोरीचा कोट काळा हाय व्हय?”

तुझ्या आज्यानं उंदरांच्या बरन्या बघायला एकदा कॉलेजात येऊन सगळ्यांवरची नावं माझ्याकडनं वाचून घेतली होती. मी ते इसरलो होतो.

चुकलो, पोरी. हे मी कुनाच्या तोंडानं सांगत न्हाई, माझ्याच सांगतोय.

आबा

सातारा, २ मार्च १९९७

प्रियू,

दीड महिना झाला, माझ्या पत्राला जबाब न्हाई. मला वाटलं पोस्टात हरवलं. पोस्टमनला दोनदा इचारलं, तो आता मला बघून सायकल दुसऱ्या गल्लीत वळवतो.

काल कार्ड आलं. पुन्यांदा ‘प्रिय आईस’. पन शेवटी लिवलंयस, ‘घरी सगळ्यांना जयभीम.’ सगळ्यांत मी येतो का, आईला इचारलं. ती म्हनाली, अर्धं.

अर्धं तर अर्धं.

कार्डातली बातमी मात्र चांगली न्हाई. पुण्यात मटनवाल्यांनी बंद पुकारलाय, तीन आठवडं झालं. तुला भेजं मिळंना. ४ एप्रिलला तुमची कमिटी, आन तोवर ते दोर काचंवर चालताना दावलं न्हाईत तर तुझी फेलोशिप पुढं चालायची न्हाई. हे तू आईला लिवलंस, ‘काळजी करू नकोस’ म्हनून. आईनं काळजी केली न्हाई. ती म्हनाली, करनारा दुसरा हाय.

आमी हितनं काय करनार म्हना. साताऱ्यात बंद न्हाई, पन सातारा साताऱ्यात.

ता. क. आईला इचारायचंय, भेजं अख्खं लागतं का अर्धं चालतं? आन बोकड का शेळी? तिला उगंच कुतूहल हाय.

आबा

सातारा, ९ मार्च १९९७

प्रियू,

तुला काल नाथाजीनं एक बरनी दिली असंल. तुमच्या लॅबच्या फाटकावरचा वॉचमन. मी त्याला बजावलं होतं, कुनी दिली सांगू नको. त्यो विट्याचा, मिलिटरीतनं रिटायर, म्हनाला, “आवं, जीव गेला तरी न्हाई सांगनार.” मी एसटीत बसायच्या आत त्येनं सांगितलं असंल. विट्याच्या मानसाला मी वळकतो.

तर सांगतो. शनवारी सकाळी मी जोतीराम खाटकाच्या दुकानाम्होरं गेलो. दोनदा पुढनं गेलो, पुढच्या टपरीवर च्या प्यालो, परत आलो. जोतीराम म्हनाला, “काय केरूभाऊ, पाव्हनं आल्यात का?” मी म्हनलं, भेजं पायजे, चार. त्येनं मुंडकी भाजायला उचलली. मी म्हनलं, भाजू नको, कच्चं, अख्खं, फुटता कामा नये. म्हनाला, “कच्चं कोन खातं?” मी हळूच म्हनलं, संशोधनाला पायजे. बारीक आवाजात, कारन मागं गिऱ्हाईक होतं. त्येनं असलं नाजूक काम केलं की आमच्या कॉलेजातल्या एकाबी मुलाला जमायचं न्हाई.

पुढचं माझं काम. एकतीस वर्सं हेच केलंय. स्वच्छ धुतलं, बरनीत धा टक्के फॉर्मलीन भरलं, एकेक हलक्या हातानं सोडलं, बूच मेनानं बंद केलं, वर काळ्या शाईनं चिठ्ठी लावली: ‘बोकड, मेंदू, ४ नग, ८-३-९७.’ वीस वर्सं ठेव, वास यायचा न्हाई का रंग जायचा न्हाई. शेजारचा पॅसेंजर म्हनाला, काय हाय? मी म्हनलं, लोनचं.

तुला भेटलो न्हाई. खिडकीत तू दिसलीस, कोट पांढराच हाय. मी परतीच्या गाडीला गेलो.

आबा

सातारा, १६ मार्च १९९७

प्रियू,

कार्ड आलं. पोस्टमननं लांबनं हाक मारली, “केरूभाऊ, तुमच्या नावचं.” मी उलटंसुलटं बघितलं. खरंच माझ्या नावचं. वर ‘आबा’. मग एवढंच:

‘फॉर्मलीनने सगळं कडक झालं, धागा न् धागा जागच्या जागी गोठला. ओझेवाले जिवंत लागतात. काही उपयोग नाही. बर्फात आणा. मीठ घालू नका, गोठता कामा नये. कापल्यापासून तीन तासांत पोचलं पाहिजे. प्रियू.’

आईला वाचून दावलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. म्हनाली, “एकतीस वर्सं मेलेलं मरू नये म्हनून झटलाय, जित्याचं तुमाला काय माहीत.”

मला लाज वाटली, ती वाटलीच. कॉलेजात कुनाला सांगू नको. पन खरं सांगू का, पाच महिन्यांत तू मला पहिल्यांदा रागं भरलीस आन माझ्या पोटात एवढी साखर पडली की मी ते कार्ड खिशात घालून दिवसभर फिरलो. ‘आनू नका’ असं तू लिवलं न्हाईस. ‘बर्फात आणा’ असं लिवलंस.

मंगळवारी येतोय. रजा टाकली. रजेचं कारन ‘घरगुती काम’ लिवलं.

आबा

सातारा, २३ मार्च १९९७

प्रियू,

तू तिथंच होतीस, मग पत्र कशाला, असं म्हनशील. पन वाटंत काय झालं ते तुला सांगायचं ऱ्हायलं. तू मला बोलूच दिलं न्हाईस, आल्या आल्या डबा हिसकून पळालीस.

मंगळवारी पावनेसहाला जोतीरामनं कापलं. माझ्या हातात कॉलेजचा थर्माकोलचा डबा, खाली बर्फ, मधी प्लास्टिकच्या पिशवीत चार भेजी, वर बर्फ. मीठ न्हाई. सव्वासहाची पुणे गाडी. सगळं झ्याक चाललेलं, आन खंबाटकीच्या पायथ्याला गाडी थांबली. वर घाटात उसाची ट्रॉली उलटलेली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. डब्याच्या बुडातनं थेंब गळायला लागलं. माझ्या पायजम्यावर. मी झाकन उघडून बघितलं तर बर्फ मुठीएवढा ऱ्हायलेला.

कंडक्टर म्हनाला, “बाबा, डब्यात काय हाय? सगळी गाडी वली केली.” सगळ्यांनी माना वळवल्या. आता काय सांगायचं? लोनच्यातनं पानी गळत न्हाई.

मी उभा ऱ्हायलो. म्हनलं, “भेजं हाय, बोकडाचं. माझी लेक पुण्याला पीएचडी करती, तिच्या कामाला पायजे. आपल्या नसांतनं माल वाहून नेनारं गडी असत्यात, ते ह्यात हायत. आनि बर्फ संपला तर ते मरत्यात.”

मग मागनं एक म्हातारी म्हनाली, “आरं मग बर्फ आना की कुनीतरी, बघत काय बसलाय.” कंडक्टरनंच सांगितलं, मागं दोन फर्लांगावर रसवंती हाय. मी डबा खांद्यावर घेतला आन चालत सुटलो. रसवंतीवाला लादी फोडत होता. त्येनं अर्धी लादी पोत्यातनं काढून दिली आन म्हनाला, “पेशंट लय सीरियस हाय का?” मी म्हनलं, चार हायत. परत येईस्तोवर वाट मोकळी झालेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत थांबलेला. खांद्यावरनं पानी गळत होतं, पाठ गार पडलेली. मला तुझा आजा आठवला. त्यो असता तर काय म्हनला असता, मी घाट चढेस्तोवर इचार केला. मला वाटतं त्येनं इचारलं असतं, कुनी पाठवलं? मी म्हनलं असतं, कुनी न्हाई, मीच निघालो. मग त्येनं वाट सोडली असती.

बाकीचं तुला ठाऊकच हाय. पन मला लिवायची हौस आलीया, तर लिवतो. तू घड्याळ बघून म्हनलीस, “तीन तास दहा मिनिटं,” आन तोंड वाकडं केलंस. मला ‘कसे आहात’ सुदिक इचारलं न्हाईस. आत नेऊन तुमच्या त्या थंड खोलीत उभं केलंस. भेज्यावरचा पापुद्रा आन रक्ताच्या शिरा सोलायच्या होत्या, तुझी बोटं गारठून वळत न्हवती. मी म्हनलं, आन हिकडं चिमटा. बेडकाच्या मेंदूपरीस बोकडाचा मेंदू म्हंजे मैदान. तुझं सर मागं येऊन उभं ऱ्हायलं, मला कळलंसुदिक न्हाई. म्हनाले, “इतकं स्वच्छ सोललेलं मी आजवर पाहिलं नाही. हे कोण?” तू म्हनलीस, “माझे वडील. मेंदू तेच घेऊन आले.” मी खाली मान घालून सोलत होतो. मान कामासाठी खाली होती, एवढं ध्यानात ठेव.

मग एका दिवसाची रजा तीन दिवसांची झाली. नाथाजीच्या खोलीवर मुक्काम. त्येनं मला मिलिटरीच्या गोष्टी सांगितल्या, मी त्याला तुझ्या दोरांच्या. थंड करायचं, मशिनीत गरगर फिरवायचं, उबेत ठेवायचं, परत फिरवायचं, परत थंड. दोर सुटलं, जुळलं, सुटलं, जुळलं. नाथाजी म्हनाला, “एवढ्यांदा सुटून परत जुळतंय म्हंजे कमालच हाय.” मी म्हनलं, आमच्या घरात एकदाच सुटलं होतं, तरी पाच महिनं लागलं.

गुरवारी दुपारी तू पडदं लावलंस. टीव्हीवर नुसतं करडं, त्यात चार-पाच बारीक रेषा, हालंनात. म्हनलीस, ओझेवाले काचंला चिकटलेत, पाय वर करून, आता दोर त्यांच्या पायांवर ठेवलाय. त्यास्नी जेवन लागतं. मग तू एक थेंब सोडलास. मला उभं ऱ्हावंना, बसावंना.

तू म्हनलीस, “खाली बसा, आबा.”

माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. कुनाला काय आठवलं ते दोघांनाबी कळलं. आन मी त्या स्टुलावर बसलो, पोरी. असा मुकाट्यानं बसलो की माझ्या बापाच्या सांगन्यावरबी कवा बसलो नसंन.

मग एक रेष हालली. मग दुसरी. सरळ, न थांबता, गपचीप पुढं. स्लॅबच्या दिवशी मानसं रांगेत उभी ऱ्हाऊन हातोहात घमेलं देत्यात, तसं खालनं कुनीतरी तिला पुढं पुढं देत होतं. एवढं बारीक की कुनाला दिसत न्हाईत, आन त्यांच्याबिगर कुनी उभंबी ऱ्हाऊ शकत न्हाई. मी रडलो असं तू नाथाजीला सांगितलंस. अंधार होता, तुला काय दिसलं? ते बर्फाचं पानी होतं.

जोतीरामला सांगितलं. तो आता गिऱ्हाइकास्नी सांगतोय, आपला माल लॅबमधी चालतोय. खरंच चालतोय, हे त्याला म्या सांगितलं.

४ तारखंला कमिटी. जेवून जा.

आबा

सातारा, ६ एप्रिल १९९७

प्रियू,

तुझी तार आली, ‘पास. फेलोशिप पुढे.’ आईला वाचून दावली तर ती म्हनाली, “एवढंच? आन आबाला काय लिवलंय?” मी म्हनलं, तारंत शब्द मोजून घालत्यात. म्हनाली, “मग घरी येऊन मोजू नको म्हनावं.”

तर आता घरी यायचं. १४ एप्रिलला जयंती हाय. कार्यकर्त्यांची बैठक झाली, वक्ता कोन म्हनून चर्चा चालली होती. मी उभा ऱ्हायलो. सगळ्यांना वाटलं हा आता परत कुनाला तरी खाली बसवतोय. मी म्हनलं, माझ्या लेकीचं भाषन ऑक्टोबरात अर्धं ऱ्हायलंय, ते माझ्यामुळं ऱ्हायलंय, ते आधी पुरं होऊ दे. मग मागनं आक्काताईनं टाळी वाजवली. बायकांच्या बाजूनं. मग सगळ्यांनी.

आधी दोन मिनिटं मी बोलनार. चार-पाचशे मानसांत बोललो होतो, तवा माफीबी तेवढ्याच मानसांत मागनार. मग मी खाली बसनार, पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. जोतीरामलाबी बोलावलंय, तो बोकड घेऊन येऊ का म्हनत होता, मी न्हाई म्हनलं.

तेरा तारखंला साडेचारच्या गाडीनं ये. कॉलेजचा थर्माकोलचा डबा तुझ्याकडंच हाय, तो आन, मॅडम इचारत्यात. आन भाषन नव्यानं लिवत बसू नको. कुठवर आली होतीस ते माझ्या ध्यानात हाय. ‘रोज सकाळी सहा वाजता मी खाटकाच्या दारात उभी राहते. बोकडाचं ताजं भेजं डब्यात घालून सायकलवरून आणते.’ तिथनं पुढं बोल.

आबा